फॉरमॅट करायचं नाही!

वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या हार्डडिस्क रेकॉर्डरमधली डिस्क बाहेर काढून ती आजच्या विंडोज संगणकाला जोडली, की जरा घरघर होते आणि पडद्यावर एक चौकट उमटते : ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? खाली दोन बटणं. त्यातलं चुकीचं बटण दाबलं गेलं, तर आख्खा अल्बम किंवा रात्रभर रंगलेली मैफल हातची जाऊ शकते. संगणक इथे खोटं बोलत नसतो. त्याला त्या डिस्कवर ओळखीचं असं खरोखरच काही दिसत नाही. माळ्यावर मोडीतलं बाड सापडावं आणि मोडी न येणाऱ्याने ते पोरांनी गिरगटलेली वही समजून रद्दीत घालावं, त्यातलाच हा प्रकार.

अलेसिस कंपनीचा एचडी२४ हा रेकॉर्डर याचा नमुनेदार मासला. या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या या यंत्रात बाजारात मिळणारी साधी आयडीई हार्डडिस्कच बसायची. तिच्यावर एका वेळी चोवीस ट्रॅक मुद्रित व्हायचे, म्हणजे तबला, पेटी, बासरी, कोरस प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र. पण डिस्कवर हे ट्रॅक मांडायची पद्धत अलेसिसची स्वतःची होती. चोवीस धारा एकदम लिहिताना डिस्कच्या हेडला सारखी इकडून तिकडे धावपळ करावी लागू नये, म्हणून त्यांनी ती मुद्दाम तशी आखली. यंत्राच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. पंचाईत झाली ती पुढे, यंत्र बिघडल्यावर.

ही यंत्रं घराघरांत कशी पोचली हे थोडक्यात पाहायला हवं. अनेक ट्रॅक एकत्र मुद्रित करणारी डिजिटल यंत्रं सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आली. थ्रीएम कंपनीच्या बत्तीस ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झालेला राय कूडर याचा ‘बॉप टिल यू ड्रॉप’ हा अल्बम १९७९ चा. सोनीची चोवीस ट्रॅकची यंत्रं त्यानंतरची. डायर स्ट्रेट्सचा १९८५ मधला ‘ब्रदर्स इन आर्म्स’ तसल्याच यंत्रावर घडला. या यंत्रांच्या किमती लाख-लाख डॉलरच्या घरातल्या. त्यामुळे डिजिटल मल्टिट्रॅक हा बड्या स्टुडिओंचा मामला होता. बाकीच्यांनी कॅसेटवर चार ट्रॅक घेऊन समाधान मानायचं.

जानेवारी १९९१ मध्ये अलेसिसने अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात ‘एडॅट’ नावाचं यंत्र मांडलं आणि हे चित्र पालटलं. आठ ट्रॅक, किंमत ३,९९५ डॉलर. त्यात टेप कुठली घालायची? व्हिडिओ रेकॉर्डरमधली एस-व्हीएचएस कॅसेट! जिच्यावर एरवी दोन तासांचा सिनेमा मावला असता, तिच्यावर साधारण चाळीस मिनिटांचं मुद्रण होई, कारण टेप जवळपास तिप्पट वेगाने पळायची. आठ ट्रॅक पुरले नाहीत तर दुसरं यंत्र जोडायचं, मग तिसरं. अशी सोळा यंत्रं एकत्र चालवता येत, म्हणजे एकशे अठ्ठावीस ट्रॅक. ॲलानिस मॉरिसेटचा १९९५ चा ‘जॅगेड लिटल पिल’ हा तुफान खपलेला अल्बम ग्लेन बॅलर्डने एडॅटवरच मुद्रित केला होता. टॅस्कॅमने १९९३ मध्ये हाय-एट या चिमुकल्या व्हिडिओ कॅसेटवर चालणारा डीए-८८ आणला. सिनेमा आणि टीव्हीच्या ध्वनीसाठी तो फार चालला. मुंबईतल्या स्टुडिओंनीही ही दोन्ही घराणी पाहिलेली आहेत. पुढे टेप गेली, डिस्क आली : रोलँडचा व्हीएस-८८०, फॉस्टेक्स, कॉर्ग, यामाहा, मॅकी, टॅस्कॅम. मिक्सर, इफेक्ट आणि रेकॉर्डर एकाच पेटीत. पाठीवर टाकून नेता येणारा स्टुडिओ.

आणि मग लॅपटॉप स्वस्त झाले. या पेट्या कपाटात गेल्या, आत गाणी तशीच ठेवून.

या सगळ्या यंत्रांतली गोम एकच आहे. आत साठवलेला आवाज आजच्या संगणकाला परका नाही. सेकंदाला ४८,००० वेळा घेतलेली मापं, प्रत्येक माप सोळा किंवा चोवीस बिटांचं. आजही ध्वनी असाच साठवला जातो. १९९२ ची टेप आणि आजची फाइल यांत या बाबतीत तत्त्वाचा फरक नाही. अडतं ते त्या आकड्यांपर्यंत पोचण्यात. कुठे टेपचं हेड झिजलेलं, कुठे वायरचं तोंड इतिहासजमा झालेलं, कुठे कंपनीने खासगी सांकेतिक भाषा वापरलेली. म्हणून ‘जुना रेकॉर्डर संगणकाला कसा जोडायचा’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नसतं. आधी पेटी पालथी करून मागच्या बाजूला कुठली तोंडं आहेत ते बघावं लागतं.

एडॅटच्या मागे एक चौकोनी, बारीक झडपेचं तोंड असतं. त्यातून लाल प्रकाश बाहेर येतो आणि त्या प्रकाशातून आठही ट्रॅक एकाच वेळी, चोवीस बिटांपर्यंत, वाहून जातात. याला लाइटपाइप म्हणतात. गंमत म्हणजे त्यासाठी लागणारी केबल खास नसते. टीव्हीपासून साउंडबारपर्यंत जी ऑप्टिकल केबल जाते, तीच. अलेसिसने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, कंपनीची मालकी बदलली, एडॅट यंत्रं बनणं थांबलं. पण हे तोंड इतर कंपन्यांनी एव्हाना आपलंसं केलं होतं. आज दुकानात मिळणाऱ्या फोकसराइट स्कार्लेट १८आय२० किंवा आरएमईच्या ऑडिओ इंटरफेसवर ते आहेच, आणि त्याचं नाव अजूनही एडॅट. म्हणजे तीस वर्षांपूर्वीच्या यंत्रातून निघालेली केबल थेट आजच्या इंटरफेसमध्ये जाते आणि आवाज एकही बिट न बदलता संगणकात उतरतो. एक खबरदारी : घरगुती टीव्हीचं दोन चॅनेलवालं ऑप्टिकल तोंडही दिसायला हुबेहूब असंच. केबल दोन्हीकडे बसते, पण लॅपटॉपला लावलेल्या स्वस्त डबीत आठ ट्रॅक शिरत नाहीत.

टॅस्कॅमवाल्यांचं नशीब इतकं चांगलं नाही. डीए-८८ चं डिजिटल तोंड पंचवीस पिनांचं, टीडीआयएफ नावाचं. आजच्या इंटरफेसवर ते मिळत नाही, जुने कन्व्हर्टर धुंडाळावे लागतात. त्यातच कहर असा, की त्या काळी पंचवीस पिनांचं हेच तोंड जुन्या संगणकांवर प्रिंटर जोडायला होतं, कित्येक रेकॉर्डरांच्या स्कझी (एससीएसआय) डिस्कला होतं आणि साध्या ॲनालॉग केबलींनाही होतं. कामं वेगळी, तोंड तेच. ‘बसतंय ना, मग लाव’ या न्यायाने जोडाजोडी केली तर एखादी चिप जळायची. मागे छापलेली अक्षरं वाचल्याशिवाय यातली कुठलीही केबल लावू नये.

केबल लागली, ट्रॅक आले, तरी एक घोळ उरतो आणि बहुतेक जण तिथे अडखळतात. आवाज येतो, पण मधूनमधून टक्, टक् ऐकू येतं. लोक केबल बदलतात, टेपला दोष देतात. दोष घड्याळांचा असतो. रेकॉर्डरमध्ये एक स्फटिक, इंटरफेसमध्ये दुसरा. दोघंही सेकंदाला ४८,००० मापं मोजतात, पण हुबेहूब सारखी नाहीत. दोघांत दहा लाखांत पन्नास इतका किरकोळ फरक असला, तरी सेकंदाला दोन-अडीच मापं कमी किंवा जास्त होतात आणि ती कुठे तरी गळतात नाहीतर दुहेरी पडतात. तोच तो टक्. उपाय साधा आहे. इंटरफेसच्या सेटिंगमध्ये ‘क्लॉक सोर्स’ असं लिहिलेलं असतं, तिथे ‘इंटर्नल’ऐवजी ‘एडॅट’ निवडायचं. मग इंटरफेस आपलं घड्याळ बाजूला ठेवतो आणि रेकॉर्डर मोजेल तसं मोजतो. या एका निवडीने कित्येकांचे वाया जाणारे दिवस वाचले असते.

टेपचं दुखणं मात्र सेटिंगने बरं होत नाही. एडॅटच्या पोटात व्हीसीआरसारखाच गरगर फिरणारा ड्रम असतो, त्यावर हेड. टेप ओढणारी रबरी चाकं वर्षानुवर्षांत कडक होतात, पट्टे सैल पडतात. एडॅटवर दोन बटणं विशिष्ट रीतीने एकत्र दाबली की ड्रम आजवर किती तास फिरलाय तो आकडा दिसतो. जुनं यंत्र विकत घेणारा जाणकार आधी ती बटणं दाबतो, बाहेरची चकाकी नंतर बघतो. आपल्याकडे, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, आणखी एक शत्रू आहे : पावसाळा. कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी. तशी कॅसेट यंत्रात घातली तर ती टेप बिघडतेच, वर हेड माखतं आणि पाठोपाठ घातलेल्या चांगल्या कॅसेटलाही प्रसाद मिळतो. अशी टेप आधी कोरडी करून, साफ करूनच चालवायची असते आणि हे काम सरावाच्या हाताकडे दिलेलं बरं.

टेप वाजते आहे म्हणजे ती नीट वाचली जाते आहे, असंही नाही. डिजिटल टेपवर चुका दुरुस्त करायची तजवीज असते. थोडंफार गेलं तर यंत्र ते गणिताने परत मिळवतं. त्याहून जास्त गेलं तर शेजारच्या मापांवरून अंदाज बांधून फट बुजवतं आणि तशी खूण दाखवतं. ती खूण सारखी लुकलुकत असेल, तर कानाला गाणं ठीक वाटत असूनही आपण अंदाजाने बुजवलेला आवाज उतरवून घेत असतो. अशा वेळी हेड साफ करून पुन्हा वाजवायचं, नाहीतर दुसऱ्या एडॅटवर लावून पाहायचं. एका यंत्रावर खुरडणारी टेप दुसऱ्यावर सुरळीत चालल्याची उदाहरणं या धंद्यात नवी नाहीत.

रोलँडच्या पेट्यांची तऱ्हा आणखी वेगळी. १९९६ मधल्या व्हीएस-८८० च्या काळात हार्डडिस्क महाग आणि चिमुकल्या होत्या. काही जण तर शंभर मेगाबाइटच्या झिप डिस्कवर काम करत. तेवढ्यात जास्त गाणी मावावीत म्हणून रोलँडने स्वतःची आकुंचनाची रीत वापरली. मास्टरिंगसाठीचा एक प्रकार सोडला तर बाकीच्यांत आवाज आवळून ठेवलेला असे. आज ती डिस्क संगणकाने नुसती वाचली तर हाती येतो तो गाळच. पुढच्या काही मॉडेलांत सीडीवर वेव्ह फाइल काढायची सोय झाली, पण सुरुवातीच्या पेट्यांपुरती खात्रीची वाट म्हणजे पेटीलाच गायला लावायचं आणि तिच्या डिजिटल आउटमधून ऐकायचं.

तिथे एका वेळी दोनच चॅनेल जातात. आठ ट्रॅक म्हणजे चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला एक ट्रॅक पूर्ण डावीकडे पॅन, एक पूर्ण उजवीकडे, फेडर शून्यावर, इक्वलायझर बंद, रिव्हर्ब बंद. चार फेऱ्या नंतर जुळाव्यात म्हणून आधी गाण्याची प्रत करून घेतात आणि त्या प्रतीत प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेत एकाच क्षणी वाजणारा एक ठोका टाकतात. संगणकावर चारही ठोके एकाखाली एक आणले की सगळे ट्रॅक जुळले, आणि घड्याळ एकच असल्यामुळे शेवटपर्यंत जुळलेले राहतात. शिवाय व्हीएस-८८० मध्ये प्रत्येक ट्रॅकच्या मागे आठ-आठ आभासी ट्रॅक दडलेले असतात. गायिकेने चार वेळा गाऊन पाहिलेला अंतरा, नंतर गाळलेली सतार, सगळं तिथे सापडू शकतं. नुसते वरचे आठ उतरवून पेटी विकणारा माणूस हे सगळं त्या पेटीबरोबर विकून टाकतो.

आता सुरुवातीच्या त्या एचडी२४ च्या डिस्ककडे. फॉरमॅट करू का या प्रश्नाला ‘कॅन्सल’ म्हणायचं. ‘इनिशियलाइज’ करू का असं विचारलं तरी तेच उत्तर. मग संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी, बिटाला बिट, प्रत काढायची. त्यासाठी डीडीरेस्क्यूसारखी फुकट साधनं आहेत. वाचता न आलेला भाग बाजूला ठेवून ती पुढे सरकतात आणि मग त्या भागाकडे परत येतात. पुढची सगळी खटपट प्रतीवर. एचडी२४ ची मांडणी हौशी प्रोग्रामरांनी उलगडली आणि ‘एचडी२४ टूल्स’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर उभं राहिलं. ते प्रतीतली गाणी ओळखतं आणि प्रत्येक ट्रॅकची वेव्ह फाइल काढून देतं. कंपनीने टाकून दिलेलं यंत्र ग्राहकांनी जगवलं, असं इथे खुशाल म्हणावं.

एचडी२४ ला नेटवर्कचं तोंडही आहे, आणि अनेकांना पहिला मोह त्याचाच होतो. त्याची गती सेकंदाला दहा मेगाबिट. चोवीस ट्रॅकचं, चोवीस बिटांचं, तासाभराचं मुद्रण भरतं सुमारे साडेबारा गिगाबाइट. ही केबल पूर्ण वेगाने चालली, जी कधीच चालत नाही, तरी पावणेतीन तास लागतील. याउलट यंत्राच्या मागे लाइटपाइपची तीन तोंडं आहेत. त्यांतून चोवीसही ट्रॅक नुसते वाजवले तर काम एका तासात उरकतं. फाइल ‘कॉपी’ करण्यापेक्षा गाणं वाजवणं झटपट, असा हा उलटा हिशेब. अर्थात तेवढ्या लाइटपाइप घेणारा इंटरफेस हवा.

स्कझी डिस्कवाल्या फॉस्टेक्स किंवा रोलँडसाठी हल्ली एक वेगळीच तोड निघाली आहे. एससीएसआय-टू-एसडी, ब्लूस्कझी अशा नावांच्या छोट्या पट्ट्या मिळतात. त्यांत मेमरी कार्ड घालायचं, ती पट्टी जुन्या डिस्कच्या जागी बसवायची. रेकॉर्डरला वाटतं आपली जुनी डिस्कच आहे. आयडीईवाल्या यंत्रांत कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड याहून सहज बसतं, कारण त्या कार्डाची विद्युत भाषा मुळात आयडीईचीच. त्याने डिस्कची घरघरही थांबते. जुनी डिस्क अर्थात जपून ठेवायची.

ती किती दिवस जपणार, हा भाग निराळा. संगीत कंपन्यांचे संग्रह सांभाळणाऱ्या आयर्न माउंटन या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये सांगितलं, की नव्वदच्या दशकातल्या ज्या हार्डडिस्क त्यांच्याकडे येतात, त्यांतल्या सुमारे एक पंचमांश वाचताच येत नाहीत. त्या डिस्क व्यवस्थित कपाटांत ठेवलेल्या होत्या.

वाटा बंद होण्याचा वेगही वाढला आहे. एकेकाळी ऑडिओवाल्यांचा जीव की प्राण असलेलं फायरवायर घ्या. एचडी२४ च्या डिस्क वाचायला अलेसिसने जी छोटी डबी काढली होती, ती फायरवायरचीच. २०१२ नंतर नव्याने आलेल्या मॅकवरून ते तोंड गेलं, तरी अडॉप्टर लावून काम भागत होतं. २०२५ च्या मॅकओएस टाहोमध्ये ॲपलने फायरवायरचा आधारच काढून टाकला. ज्याच्याकडे अशी उपकरणं आहेत, त्याने एक जुना लॅपटॉप जुन्याच प्रणालीसह, इंटरनेटपासून तोडून, बाजूला ठेवणं हाच त्यातला व्यवहारी मार्ग.

सगळेच हे आवाज काढून घेण्यासाठी खटपट करत नाहीत. काही जणांना ही पेटी अजून कामाची वाटते आणि त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मैफल सुरू असताना पेटी अपडेट मागत नाही. लाल बटण दाबलं की ती मुद्रित करते, एवढंच. कार्यक्रमाच्या जागी पेटीवर घ्यायचं आणि घरी संगणकावर मिक्स करायचं, ही वाटणी आजही सोयीची आहे. झूमचा २००९ चा आर१६ यात बराच टिकून राहिला, कारण तो साध्या एसडी कार्डावर साध्या वेव्ह फाइली लिहितो आणि गरज पडली तर स्वतःच संगणकाचा इंटरफेस बनतो. टॅस्कॅमच्या २४८८ मध्ये ट्रॅक आधी यंत्रातच एका वेगळ्या विभागात ‘एक्स्पोर्ट’ करावे लागतात. तेवढं केलं की यूएसबीने तो विभाग पेन ड्राइव्हसारखा उघडतो. त्याहून जुन्या पेट्या संगणकासोबत चालवायच्या तर मिडी टाइम कोडचा आधार असतो. शे-पाचशेची मिडी केबल इतक्या वर्षांनीही दोघांची वेळ जुळवते.

जपानमधून किंवा अमेरिकेतून अशी पेटी मागवणाऱ्याने प्लग लावण्याआधी तिच्या मागची पट्टी वाचावी. तिथली वीज १०० आणि १२० व्होल्टची, आपली २३०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरविना लावलेली पेटी पहिल्याच दिवशी धूर काढते.

आणि सगळे ट्रॅक संगणकात आले, तरी एक शेवटचा फटका उरतो. एडॅट बहुतेक वेळा ४८,००० मापांवर चालवलेला असतो, आणि संगणकावरचा प्रोजेक्ट सीडीच्या सवयीने ४४,१०० वर उघडला जातो. प्रोग्रामने फाइल न बदलता तशीच वाजवली तर पाच मिनिटांचं गाणं जवळपास साडेपाच मिनिटांचं होतं आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर खाली बसतो. काळी दोनमध्ये गायलेलं गाणं काळी एक आणि पांढरी दोन यांच्या अध्येमध्ये लोंबकळतं. पडद्यावर सगळं बिनचूक दिसत असतं. ही चूक बहुधा तो माणूस पकडतो, ज्याला सोबतीला हार्मोनियम लावून एक साधा आलाप जुळवायचा असतो आणि जुळत नाही.